कॅरिबियन बेटांसाठी प्रवासी ई-सिम: काही महिन्यांच्या वापरानंतर

कॅरिबियनसाठी डेटा प्लॅन घेताना लोक आधी जीबी बघतात, मग किंमत, आणि बेटांची यादी सगळ्यात शेवटी, तीही वरवर. हा क्रम इथे अगदी उलटा हवा. एका मोठ्या देशात फिरायचं असेल तर जीबी आणि किंमत बघून भागतं, कारण नेटवर्क सगळीकडे तेच असतं. इथे तासाभराच्या बोटीच्या प्रवासात देश बदलतो, कंपनी बदलते, कधी फोनला लागणारी फ्रिक्वेन्सीसुद्धा बदलते. महिनोन्महिने प्रादेशिक ई-सिम (म्हणजे कार्ड नसलेलं, फोनमध्ये क्यूआर कोडने उतरवायचं सिम), अधूनमधून स्थानिक सिम आणि सोबत ओटीपीसाठी घरचं सिम अशी जोडी वापरल्यावर जे ठामपणे सांगता येतं, ते खाली लिहितो आहे.

आधी यादी. "कॅरिबियन" असं नाव असलेल्या प्लॅनमध्ये सगळी बेटं असतात असं समजू नका. क्यूबा बहुतेक प्रादेशिक प्लॅनमधून वगळलेलं असतं. तिथे एटेक्सा ही एकच सरकारी कंपनी आहे, तेव्हा क्यूबाची सोय वेगळीच करायची. पोर्तो रिको आणि अमेरिकन व्हर्जिन आयलंड्स अमेरिकेच्या ताब्यात असल्यामुळे कधी "अमेरिका" प्लॅनमध्ये सापडतात, कधी "कॅरिबियन"मध्ये, आणि काही विक्रेत्यांकडे दोन्हीत नसतात. ग्वादलूप आणि मार्टिनिक हे फ्रान्सचेच भाग आहेत. त्यामुळे ते काही "युरोप" प्लॅनमध्ये मिळतात आणि तिथे दर जीबीची किंमत पुष्कळ कमी पडते. फक्त या दोन बेटांवर जाणार असाल तर युरोप प्लॅनची यादी उघडून बघाच. मात्र सगळ्या युरोप प्लॅनमध्ये ती असतात असं नाही. यादीत बेटाचं नाव स्वतंत्रपणे लिहिलेलं दिसलं तरच पैसे भरा, नुसतं "फ्रान्स" पुरेसं नाही.

नावांच्या घोळातही पैसे जातात. डॉमिनिका आणि डॉमिनिकन रिपब्लिक हे दोन वेगळे देश आहेत, आणि यादीत ते एकाखाली एक येतात. सेंट मार्टिन हे एकच बेट, पण उत्तरेचा भाग फ्रेंच आणि दक्षिणेचा सिंट मार्टेन हा डच. फ्रेंच बाजूचा फोन कोड ५९०, डच बाजूचा १-७२१. मुख्य विमानतळ डच बाजूला आहे आणि राहायची जागा अनेकदा फ्रेंच बाजूला असते, म्हणून प्लॅनमध्ये दोन्ही नावं हवीत. अरुबा, कुरासाव आणि बोनेर यांची नावंही प्रत्येकी वेगळी तपासा. तिन्ही एकत्र असतील असं धरून चालू नका.

यादीनंतर बघायचं ते मागचं नेटवर्क. ई-सिम विकणाऱ्या कंपनीचे स्वतःचे टॉवर नसतात, ती स्थानिक कंपनीच्या नेटवर्कवर रोमिंग करते. जमैका, बार्बाडोस, सेंट लुसिया, ग्रेनाडा अशा अनेक बेटांवर मुख्य कंपन्या दोनच, डिजिसेल आणि फ्लो. बहामाजमध्ये बीटीसी आणि अलिव, त्रिनिदादमध्ये बीमोबाइल आणि डिजिसेल. प्लॅनच्या तपशिलात प्रत्येक देशापुढे नेटवर्कचं नाव दिलेलं असतं. दोन्ही नावं असतील तर तो प्लॅन थोडा महाग असला तरी घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. कारण ही बेटं डोंगराळ आहेत. डॉमिनिकातला मोर्न दियाब्लोतँ १४४७ मीटर उंच आहे, सेंट लुसियातला ग्रो पितों ७९८ मीटर. ज्वालामुखी बेटांवर डोंगराच्या आड गेलं की एका कंपनीची रेंज पूर्ण जाते आणि दुसरीचा टॉवर समोरच्या टेकडीवर असेल तर तिची रेंज छान मिळते. बार्बुडा, अनेगाडा, केमन यांसारख्या सपाट बेटांवर हा फरक फारसा जाणवत नाही.

फोनचे बँड, म्हणजे फोन ज्या फ्रिक्वेन्सी पकडू शकतो त्यांचे ठरलेले पट्टे, हा मुद्दा प्लॅनच्या पानावर कुठेच लिहिलेला नसतो. कॅरिबियनमधल्या बऱ्याच बेटांवर ४जी हे उत्तर अमेरिकी पद्धतीच्या बँडवर चालतं: बँड २, ४, १३, १७ असे. फ्रेंच बेटांवर मात्र युरोपसारखं ८००, १८०० आणि २६०० मेगाहर्ट्झ. आशियाई बाजारासाठी बनलेल्या अनेक स्वस्त फोनमध्ये बँड ४, १३ आणि १७ नसतात. अशा फोनवर मार्टिनिकमध्ये ४जी जोरात चालतं आणि पुढच्याच बेटावर फोन ३जीवर येतो किंवा रेंजच दाखवत नाही. लोक मग ई-सिमला दोष देतात. निघण्यापूर्वी फोनच्या अचूक मॉडेल क्रमांकावरून बँडची यादी काढा. नुसत्या नावावरून नको, कारण एकाच नावाच्या फोनचे देशागणिक वेगळे प्रकार असतात.

ई-सिम चालतं का हे बघायचा सोपा मार्ग म्हणजे *#०६# डायल करणं. आयएमईआय या फोनच्या ओळख क्रमांकाबरोबर ईआयडी हा ३२ अंकी क्रमांक दिसला तर ई-सिमची सोय आहे. आयफोनमध्ये २०१८ च्या एक्सएस आणि एक्सआरपासून ती आहे, पण चीनच्या मुख्य भूमीवर विकलेल्या अनेक मॉडेलमध्ये नाही. फोन एखाद्या कंपनीला लॉक केलेला नसावा, हे वेगळं सांगायला नको.

ई-सिमचं प्रोफाइल, म्हणजे फोनमध्ये उतरणारी सिमची माहिती, निघण्याआधी, चांगल्या वायफायवर टाकून घ्या. बहुतेक क्यूआर कोड एकदाच वापरता येतात. प्रोफाइल चुकून डिलीट झालं तर तोच कोड पुन्हा चालत नाही, आणि मदत केंद्राशी बोलायला इंटरनेट लागतं, जे त्या वेळी नसतं. टाकल्यावर त्या लाइनला ओळखू येईल असं नाव द्या. मग तीन गोष्टी नीट करा: मोबाइल डेटासाठी ई-सिम निवडा, ई-सिमचं डेटा रोमिंग चालू ठेवा, आणि घरच्या सिमचं डेटा रोमिंग बंद ठेवा. आयफोनमध्ये एक लाइन अडली की दुसरीवरून डेटा घेण्याची सोय असते, तीही बंद करा. नाहीतर ई-सिमची रेंज गेली की फोन गुपचूप घरच्या सिमवर जाऊ शकतो. वैधता कधी सुरू होते ते वाचा. काही प्लॅन विकत घेताक्षणी मोजायला लागतात, काही पहिल्यांदा नेटवर्क पकडल्यावर. दुसऱ्या प्रकारातही सावध राहा: प्लॅनमध्ये वाटेतला देश असेल, तर तिथल्या विमानतळावर फोन चालू करताच दिवस मोजायला सुरुवात होते. बेटावर उतरेपर्यंत ती लाइन बंद ठेवायची.

"रोज १ जीबी" किंवा "अमर्याद" प्रकारच्या प्लॅनमध्ये दिवस कधी संपतो हे विचारून घ्या. काही विक्रेते दिवस जीएमटीप्रमाणे मोजतात. पूर्व कॅरिबियन जीएमटीच्या चार तास मागे आहे, म्हणजे कोटा रात्री ८ वाजता नव्याने मिळतो. जमैकात संध्याकाळी ७ वाजता. हे माहीत असेल तर फोटो चढवणं, ॲप अपडेट अशी जड कामं उरलेल्या कोट्यावर आठच्या आधी उरकता येतात. "अमर्याद"मध्ये एका मर्यादेनंतर वेग खूप कमी केला जातो. ती मर्यादा आणि नंतरचा वेग लिहिलेला नसेल तर तो प्लॅन घेऊ नये. हॉटस्पॉट चालतो की नाही हेही तिथेच बघा.

डेटा किती लागेल याचा साधा हिशोब: नकाशा आणि मेसेज यांना फार कमी लागतो, दिवसाला १०० एमबीही जात नाहीत. खाऊन टाकतो तो व्हिडिओ. एचडी व्हिडिओ पाहिला तर तासाला एक ते तीन जीबी. आयफोनवर काढलेला ४के, ३० फ्रेमचा व्हिडिओ मिनिटाला सुमारे १७० एमबी भरतो. तो आपोआप क्लाउडवर चढू लागला तर ३ जीबीचा प्लॅन वीस मिनिटांच्या चित्रीकरणात संपतो. मोबाइल डेटावरचा बॅकअप बंद, लो डेटा मोड किंवा डेटा सेव्हर चालू, एवढं केलं की आठवड्याला ३ जीबी आरामात पुरतात.

वेगापेक्षा मला जास्त खटकलेली गोष्ट म्हणजे विलंब. अनेक प्रवासी ई-सिमचा डेटा बेटावरून थेट इंटरनेटवर जात नाही. तो आधी ई-सिमच्या मूळ कंपनीच्या देशात जातो, मग पुढे. तो देश युरोपात किंवा हाँगकाँगला असेल, तर वेगचाचणीत आकडा चांगला दिसूनही कॉलवर दोघं एकमेकांच्या बोलण्यावर बोलत राहतात. संभाषण सहज व्हायला एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत हवा, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची जी.११४ ही शिफारस सांगते. लांबचा वळसा घेतला की ही मर्यादा ओलांडली जाते. शिवाय बँकेच्या ॲपला तुम्ही भलत्याच देशात दिसता आणि ते लॉगिन अडवू शकतं. व्हिडिओ कॉलवर काम करायचं असेल तर एका बेटावर जास्त दिवस राहताना स्थानिक सिमच घ्यावं. त्याचा डेटा तिथूनच बाहेर पडतो आणि कॉल स्वच्छ होतात. सिमसाठी पासपोर्ट जवळ ठेवा. एका बेटाचं सिम शेजारच्या बेटावर, कंपनी तीच असली तरी, रोमिंग ठरू शकतं. आणि अमेरिकेत घेतलेल्या आयफोन १४ पासूनच्या फोनमध्ये सिमचा ट्रे नसतो, तेव्हा स्थानिक कंपनी ई-सिम देते का हे आधी विचारा.

सीमेवरचा त्रास या भागात सतत होतो. व्हर्जिन आयलंड्समधलं सेंट जॉन अमेरिकेचं, टोर्टोला ब्रिटिश, मध्ये अरुंद खाडी. सेंट जॉनच्या उत्तर किनाऱ्यावर आणि कोरल बेच्या बाजूला फोन ब्रिटिश बाजूचा टॉवर पकडतो आणि "ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्समध्ये स्वागत" असा मेसेज येतो. अमेरिका प्लॅन असेल तर डेटा थांबतो. घरचं सिम असेल तर दुसऱ्या देशाचा दर लागू शकतो. सेंट मार्टिनवर, तसंच समोरच्या अँग्विलावरही असं होतं. यावर उपाय म्हणजे नेटवर्क निवड आपोआपवरून काढून हवी ती कंपनी हाताने निवडणं. बेट सोडताना ती पुन्हा आपोआपवर ठेवायला विसरू नका.

हाताने निवडण्याचा आणखी एक उपयोग कमी लोकांना माहीत आहे. ज्या नेटवर्कने एकदा नकार दिला, त्याची नोंद सिममध्ये "निषिद्ध" म्हणून राहते आणि आपोआप शोधताना फोन ते टाळतो. नवीन बेटावर उतरल्यावर रेंजच येत नसेल, तर याचा संशय घ्या. हाताने निवडीत जाऊन नेटवर्कची यादी येईपर्यंत एक-दोन मिनिटं थांबा, प्लॅनमधलं नेटवर्क निवडा. जोडणी झाली की ती नोंद पुसली जाते. रेंजच्या काड्या दिसतात पण इंटरनेट नाही, तर दोष दुसरीकडे असतो: डेटा रोमिंग बंद असणं किंवा एपीएन (फोनला कंपनीच्या इंटरनेटशी जोडणारी सेटिंग) रिकामा असणं. एपीएन विक्रेत्याच्या ईमेलमध्ये असतो. त्या ईमेलचा स्क्रीनशॉट फोनमध्ये आधीच ठेवा.

क्रूझवर आणि मोठ्या बोटींवर जहाजाचं स्वतःचं सॅटेलाइट नेटवर्क असतं आणि त्याचे दर अतिशय चढे असतात. अशा नेटवर्कचा क्रमांक ९०१ ने सुरू होतो. प्रादेशिक ई-सिम बहुधा त्याला जोडलंच जात नाही. जोडलं जातं ते घरचं सिम. डेटा बंद असला तरी आलेल्या कॉलचे पैसे लागतात. बंदर सुटताच फ्लाइट मोड लावा.

प्रवासी ई-सिमला बहुतेक वेळा फोन नंबर नसतो. या भागात व्हॉट्सॲप सगळीकडे चालतं, त्यामुळे टॅक्सी आणि राहण्याच्या जागेशी बोलणं अडत नाही. साधा फोन लावायचा झाला तर लक्षात ठेवा की अनेक बेटांचे नंबर +१ ने सुरू होतात, ८७६ जमैकाचा, २४६ बार्बाडोसचा, पण अमेरिकेच्या स्वस्त कॉल पॅकमध्ये ते येतीलच असं नाही. आणीबाणीचे नंबरही बेटागणिक वेगळे आहेत: जमैकात पोलिस ११९ आणि रुग्णवाहिका ११०, बार्बाडोसमध्ये पोलिस २११ आणि रुग्णवाहिका ५११, फ्रेंच बेटांवर ११२. अशा वेळी बोलता येईल असं एक सिम फोनमध्ये चालू असायलाच हवं. म्हणून घरच्या सिमचं रोमिंग, फक्त कॉल आणि एसएमएसपुरतं, निघण्याआधी सुरू करून घ्या. ओटीपीही त्यावरच येतात.

१ जून ते ३० नोव्हेंबर हा वादळांचा अधिकृत हंगाम. सप्टेंबर २०१७ मधल्या मारिया वादळानंतर पोर्तो रिकोतले सुमारे ९५ टक्के मोबाइल टॉवर बंद पडले होते. अशा वेळी कुठलाच प्लॅन कामाला येत नाही. या महिन्यांत जाणाऱ्यांनी प्रत्येक बेटाचा ऑफलाइन नकाशा, तिकिटं, विम्याची कागदपत्रं आणि दूतावासाचा नंबर फोनमध्ये उतरवून ठेवावा, आणि डेटा संपत आला असेल तर वादळाचा इशारा आल्या दिवशीच, वायफाय चालू आहे तोवर टॉप-अप करून घ्यावं.