फुटबॉल कार्डांची पाकिटं : नाताळ ते श्रावण, वापरानंतरचा अनुभव

फुटबॉलपटूंच्या कार्डांतलं चकचकीत मुलाम्याचं, म्हणजे फॉइलचं कार्ड ठाण्याच्या पावसाळ्यात सरळ राहत नाही. बाकीचं नंतर सांगतो, पण हे आधी. गेल्या नाताळात पाकिटं मागवण्यापूर्वी मी बरेच रिव्ह्यू वाचले, व्हिडिओही पाहिले. पाकीट फोडलं, काय निघालं, किती चमकतंय, इथे ते सगळे संपतात. तेच कार्ड सहा-सात महिने घरात राहिल्यावर कसं दिसतं, याबद्दल कुणी चकार शब्द काढलेला नाही. आणि पोरं ज्याच्यासाठी जीव टाकतात ते नेमकं हेच चकचकीत कार्ड असतं.

आम्ही घोडबंदर रोडला मानपाड्याजवळ राहतो. नाताळच्या सुट्टीत नेरूळहून भाची आणि डोंबिवलीहून पुतण्या आमच्याकडे राहायला येतात. माझी मुलगी धरून तिघंही फुटबॉलवेडी. यमाल, एम्बाप्पे, हालांड यांच्याशिवाय घरात दुसरं नाव नाही. म्हणून क्लब फुटबॉलच्या कार्डांचा एक सीलबंद बॉक्स ऑनलाइन मागवला, सोबत नऊ खणांच्या पानांचा बाइंडर घेतला. कार्डं कुठल्या कंपनीची ते मुद्दाम लिहीत नाही, कारण ज्या दोषाबद्दल बोलायचंय तो कुठल्याही कंपनीच्या फॉइल कार्डात येतो.

आधी आनंदाचं. नाताळच्या आठवड्यात या पाकिटांनी घरात जी मजा आली ती तेवढ्या पैशांत दुसऱ्या कशातही आली नसती. आम्ही नियम केला होता : रात्रीची जेवणं आटोपली की प्रत्येकाला एकच पाकीट. सगळा बॉक्स पहिल्या संध्याकाळी फोडायला दिला असता तर दहा मिनिटांत जमिनीवर नुसती वेष्टनं उरली असती. एकेक पाकीट असल्यामुळे दिवसभर चर्चा चालायची, कुणाला काय हवंय, कोण कुणाला काय देणार.

सगळ्यात छान पाकीट माझी आई फोडायची. पोरं दातांनी फाडायची आणि एखाद्या कार्डाचा कोपरा दुमडायचा. आई पाकीट उभं धरून टिचक्या मारायची, कार्डं खाली सरकली की वरचा रिकामा भाग दोन अंगठ्यांत धरून मागच्या जोडापासून हळूच उघडायची. मग प्रत्येक कार्ड उलटं करून आधी नंबर वाचायचा, चेहरा नंतर. जुन्या कालनिर्णयच्या कोऱ्या मागच्या बाजूवर तिने सगळे नंबर लिहून काढले होते. मिळालेल्यावर काट मारायची. दोन-तीन दिवसांत तिघंही आजीसारखंच पाकीट उघडायला शिकली आणि कोपरे दुमडायचे थांबले.

आमच्या एकाही पाकिटात तेच कार्ड दोनदा निघालं नाही, हेही नमूद करतो. यामागे जुनी कारागिरी आहे. इटलीतल्या मोदेना शहरात १९६१ साली सुरू झालेल्या पानिनी कंपनीच्या उंबेर्तो पानिनी यांनी त्यासाठी खास यंत्र तयार केलं होतं, फिफिमॅटिक नावाचं. स्टिकर नीट मिसळून एका पाकिटात डबल येऊ नये, एवढंच त्याचं काम. मी छपाईच्या धंद्यात असल्यामुळे अशा यंत्राचं मला मनापासून कौतुक वाटतं.

पण दोन वेगवेगळ्या पाकिटांत डबल येणारच, आणि इथे खिशाचा विचार करावा लागतो. समजा संच ४०० कार्डांचा आहे आणि सगळी कार्डं सारख्याच संख्येने छापली आहेत. निम्मा संच जमायला सरासरी २७७ कार्डं लागतात, म्हणजे सहा-सहाची ४६ पाकिटं. तीनशेपर्यंत पोचायला ५५३. इथवर ठीक. उरलेल्या शंभरासाठी मात्र आणखी दोन हजारांवर कार्डं घ्यावी लागतात, आणि अगदी शेवटच्या एका कार्डासाठी सरासरी ४००. पाकिटाला पन्नास रुपये धरले तर पूर्ण संच वीस हजारांच्या वर जातो. चकचकीत कार्डं कमी छापतात, त्यामुळे खरा आकडा याहून मोठा. म्हणून निम्म्याच्या थोडं पुढे गेलो की आम्ही खरेदी बंद केली आणि अदलाबदल सुरू केली.

अदलाबदलीने सोसायटीतली पोरं एकत्र आली. जानेवारीभर संध्याकाळी पोडियमवर घोळका असायचा, एक जण गड्डी पिसत जायचा आणि दुसरा "आहे, आहे, आहे, नाही!" म्हणत थांबवायचा. एरवी कुणाशी न बोलणारा शेजारच्या विंगमधला मुलगा डबलची वही घेऊन रोज यायला लागला. एका फॉइलला साधी किती द्यायची याचा भाव पोरांनीच ठरवला होता आणि तो सगळे पाळायचे. तेव्हा कुणी मला विचारलं असतं तर मी डोळे झाकून पाचपैकी पाच दिले असते.

आता फॉइलकडे येतो.

मे महिन्यात पहिली कुरकुर सुरू झाली. बाइंडरच्या पानांना पहिल्यापासून उग्र वास होता, उन्हाळ्यात तो वाढला, आणि काही कार्डं पानाला चिकटून बसली. एक ओढून काढलं तर गोलकीपरच्या जर्सीवरची शाई पानावर उतरलेली. पानं पीव्हीसीची होती. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात जे द्रव्य घालतात ते काळाने बाहेर येतं, छापील पृष्ठभागाला चिकट करतं आणि शाई उचलतं. कार्डांसाठी पॉलिप्रॉपिलीनचीच पानं हवीत. विकताना मात्र लिहिलं होतं, "कार्डं वर्षानुवर्षं जशीच्या तशी".

मग जून आला आणि कार्डं वळायला लागली. सगळी नाहीत. साधी कार्डं जशीच्या तशी सपाट, फक्त फॉइलची वळलेली, उभ्या बाजूने, पन्हाळीसारखी. मुलीचा हालांड मी टीपॉयच्या काचेवर ठेवला तर दोन्ही कडा वर उचललेल्या आणि कडेखाली एक रुपयाचं नाणं न अडता सरकलं. जुलैत दोन नाणी एकावर एक ठेवून सरकायला लागली. पोरीने ते कार्ड मिळवायला महिनाभर वाटाघाटी केल्या होत्या.

मी विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, परत करण्याची मुदत संपली. मी पुन्हा लिहिलं की मुदतीचा प्रश्नच नाही, माल सदोष आहे. पुन्हा तेच उत्तर, खाली नाव फक्त वेगळं. शेवटी फोन लागला तर पलीकडून विचारलं, "सर, कार्ड पाण्यात ठेवलं होतं का?" कपाटात, बाइंडरमध्ये, बंद ठेवलेल्या कार्डाबद्दल हा प्रश्न ऐकून माझं डोकंच फिरलं. त्या आठवड्यात हा रिव्ह्यू लिहिला असता तर शीर्षकातच "घेऊ नका" असतं.

मत बदललं ते भाचीच्या पाकिटामुळे. तिने एक पाकीट वाढदिवसासाठी न फोडता ठेवलं होतं. ऐन पावसात, जुलैत, ते आमच्याकडे उघडलं. त्यात एक फॉइल निघालं आणि ते अगदी सरळ होतं. नाताळात आणलेलं, त्याच बॉक्समधलं, आमच्याच घरात राहिलेलं. तेही काचेवर ठेवून दिलं. रात्री जेवायला बसेपर्यंत एका कडेखाली नाणं जायला लागलं. सकाळी ते हालांडइतकंच वळलेलं होतं.

म्हणजे छापणाऱ्याचा दोष नाही, हवेचा आहे. पाकिटाचं धातूचा मुलामा दिलेलं वेष्टन ओलावा आत जाऊ देत नव्हतं, एवढाच फरक. वागळे इस्टेटमध्ये मिठाईचे आणि औषधांचे खोके छापणाऱ्या माणसाला हे ओळखीचं आहे. मेटपेट, म्हणजे धातूचा मुलामा दिलेली प्लास्टिकची फिल्म लावलेल्या बोर्डाची गड्डी पावसाळ्यात रात्रभर उघडी राहिली तर सकाळी कडा उचललेल्या असतात आणि मशीन शीट नीट घेत नाही. कागदाचे तंतू ओलावा पितात आणि फुगतात, लांबीला नाही, जाडीला. फॉइलचा पापुद्रा ओलावा घेत नाही. मागची कागदी बाजू वाढते, पुढची आहे तेवढीच राहते, आणि कार्ड चमकत्या बाजूकडे वळतं. तंतूंची दिशा उभी असेल तर वळणही उभं येतं. कोरड्या हवेत उलट होतं, कागद आखडतो आणि चमकती बाजू फुगून वर येते. साध्या कार्डाच्या दोन्ही बाजू जवळपास सारख्या असल्यामुळे ते तग धरतं.

छापणाऱ्यावरचा राग त्या सकाळी गेला. बाइंडर विकणाऱ्यावरचा कायम आहे.

पुढे जे करून पाहिलं ते लिहितो. जाड पुस्तकांखाली दाबून ठेवलं तर कार्ड सरळ होतं, पण बाहेर काढल्यावर त्याच संध्याकाळी पुन्हा वळतं. इस्त्री फिरवा असं एकाने सुचवलं, ते अजिबात करू नका. उष्णतेने फॉइल सुटतं. रबर लावलेल्या झाकणाचा हवाबंद डबा घेतला, त्यात बुटांच्या खोक्यातून जमवलेल्या सिलिका जेलच्या सगळ्या पुड्या टाकल्या, तर आठवड्याने कार्डं उलट दिशेला फुगली. फार कोरडं झालं की तेही नको. मग तापमान-आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर डब्यात ठेवला. हॉलमध्ये तो ८० टक्क्यांच्या खाली उतरत नव्हता. डब्यात पुड्या कमी करत करत ५०च्या आसपास आणला, तेव्हा कार्डं हळूहळू खाली बसली. पूर्ण नाही, पण एक नाणं आता अडतं. नारिंगी दाण्यांची सिलिका घ्या, ओली झाली की हिरवी होते. मंद आचेवर सुकवली की पुन्हा चालते, नवी विकत घ्यावी लागत नाही. चांगल्या कार्डांना आधी पातळ प्लास्टिकची स्लीव्ह आणि त्यावर टॉपलोडर, म्हणजे वरून उघडं असलेलं कडक प्लास्टिकचं कव्हर. टॉपलोडरमध्ये हवा जातेच, त्यामुळे डब्याला पर्याय नाही.

या अनुभवानंतर टिनच्या मोठ्या डब्यांबद्दल माझं मत पक्कं झालं. टिनमध्ये तीच पाकिटं असतात, वर एक-दोन खास फॉइल कार्डांची हमी, आणि किंमत त्या हमीमुळे चढते. ज्या कार्डाला आपल्या हवेत सगळ्यात आधी बाक येतो, त्याचेच जास्तीचे पैसे का द्यायचे? सुटी पाकिटंही मी आता घेत नाही. फॉइलचं पाकीट किंचित जाड आणि जड लागतं, त्यामुळे दुकानात आधीच कुणी चाचपून निवडून गेलेलं असू शकतं. सीलबंद बॉक्स घ्यावा आणि दोन-तीन घरांनी वाटून घ्यावा.

पुतण्या मात्र हटत नव्हता. "काका, पण पुढे लाखाला जाईल ना?" त्याला अमेरिकेतला बेसबॉलपटू मिकी मँटलच्या कार्डाची गोष्ट सांगितली. टॉप्स कंपनीने छापलेलं त्याचं १९५२चं कार्ड २०२२ साली १ कोटी २६ लाख डॉलरला विकलं गेलं. पण त्या मालिकेची न खपलेली खोकीच्या खोकी कंपनीने १९६० साली समुद्रात टाकली, असं कंपनीतलेच साय बर्जर सांगायचे. उरली ती थोडी, आणि त्यातही हे कार्ड दहापैकी साडेनऊ प्रतीचं. आज प्रत्येक जण कार्ड जपून ठेवतो, म्हणून दुर्मिळ व्हायला काही वावच नाही. आणि प्रत तपासताना कोपरे, कडा, पृष्ठभाग सगळं बघतात; मुंबई-ठाण्यात दोन पावसाळे उघड्यावर राहिलेलं फॉइल तिथे काय टिकणार? त्याला पटलं असावं, कारण त्याने आपला एम्बाप्पे देऊन गोव्यातल्या मावसभावाकडून हवी असलेली सात साधी कार्डं घेतली.

यंदाच्या नाताळातही पाकिटं घेणार, यात शंका नाही. आईने नव्या यादीसाठी कॅलेंडर बाजूला काढून ठेवलंय. फरक एवढाच, फॉइल निघालं की पाच मिनिटं सगळ्यांनी बघायचं आणि त्याच रात्री स्लीव्ह घालून डब्यात टाकायचं. विक्रेत्याने शाई उतरलेल्या पानांचे फोटो पाहून पानांचे पैसे परत केले, बाइंडरचे अजून नाहीत. पाठपुरावा चालू आहे. ठाणे-नवी मुंबईत पॉलिप्रॉपिलीनची नऊ खणांची पानं सुटी कुठे मिळतात, कुणाला माहीत असेल तर जरूर कळवा. ऑनलाइन शंभराचा गठ्ठाच दिसतोय आणि आम्हाला वीस पुरतात.