३.५ इंची रेझिस्टिव्ह टचस्क्रीन: बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत पावसाळा काढल्यानंतर

पॅनेल चांगलं आहे, पैसे वसूल होतात. पण ‘कॅलिब्रेशन गेलं’, म्हणजे स्पर्शाची जागा आणि पडद्यावरचा बिंदू यांचा मेळ बसत नाही, अशी जी तक्रार येते, तिचं मूळ बहुतेक वेळा कॅलिब्रेशनमध्ये नसतंच. स्पर्शाची जागा मोजणाऱ्या कंट्रोलर चिपकडून येणारे कच्चे आकडे स्थिर नसतील, तर कॅलिब्रेशनचा टीएस_कॅलिब्रेट प्रोग्राम कितीदाही चालवा, बोट एकीकडे आणि बाण दुसरीकडेच राहणार.

संच असा: ४८० बाय ३२० चं चार-वायर पॅनेल, एक्सपीटी२०४६ कंट्रोलर, रास्पबेरी पाय हा छोटा संगणक, लिनक्सचा एडीएस७८४६ ड्रायव्हर आणि टचचे आकडे हाताळणारी टीएसलिब ही लायब्ररी (टीएस_ ने सुरू होणारे प्रोग्राम तिचेच). बेळगावच्या मशीन शॉपमध्ये ऑपरेटरच्या हातात मोजे आणि बोटांवर कूलंट असतं, त्यामुळे इथे उघड्या बोटाने चालणाऱ्या कपॅसिटिव्हपेक्षा दाबाने चालणारं रेझिस्टिव्हच बरं.

कॅलिब्रेशनच्या आधी कच्चे आकडे दाखवणारा टीएस_प्रिंट_रॉ चालवा आणि स्टायलस एका जागी दाबून धरा. कंट्रोलर १२ बिटचा, म्हणजे आकडे ० ते ४०९५. प्रत्यक्षात काठापासून काठापर्यंत साधारण २०० ते ३९०० मिळतात. लांब बाजूला पिक्सेलमागे जवळपास ८ आकडे पडतात. म्हणजे आकडा ३० ने हलला, तर बाण ४ पिक्सेल थरथरतो. ते चालून जातं. १५० ने उडत असेल, तर तिथेच थांबा. शेजारच्या मोटरचा व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) बंद करून तेच माप पुन्हा घ्या. उडी कमी झाली, तर दोष वायरिंगचा: टचची रिबन मोटरच्या केबलपासून लांब घ्या, पॅनेलच्या पेटीचं अर्थिंग तपासा. फिल्टर त्यानंतर. टीएसलिबच्या टीएस.कॉन्फ या सेटिंग फाइलमध्ये मीडियन (भलतेच आकडे गाळतो), मग डीजिटर (थरथर कमी करतो) आणि लिनियर (आकड्यांचे पिक्सेल करतो) सगळ्यात शेवटी. लिनियर आधी टाकलं, तर पुढच्या फिल्टरांना कच्च्या आकड्यांऐवजी पिक्सेल मिळतात आणि डेल्टाची, म्हणजे दोन आकड्यांमधल्या अंतराच्या मर्यादेची, मापं सगळी चुकतात.

मोज्याने हलकं दाबल्यावर टच लागत नसेल, तर रिबन काढून एक्स प्लेटच्या (आडवी जागा मोजणाऱ्या थराच्या) दोन टोकांमधला रोध मल्टिमीटरने मोजा आणि तो ड्रायव्हरला सांगा. काही सांगितलं नाही, तर ड्रायव्हर ४०० ओहम धरून चालतो. दाबाचा हिशेब याच आकड्यावर असतो आणि मर्यादेबाहेरचा स्पर्श ड्रायव्हर सरळ टाकून देतो.

मग पाच बिंदूंचं कॅलिब्रेशन, तेही स्टायलसनेच. अंगठ्याचा मध्य नेमका सापडत नाही. कॅलिब्रेशनचे आकडे जिथे साठतात ती पॉइंटरकॅल फाइल उघडून बघा. पहिल्या सहा आकड्यांत एक्स-वाय अदलाबदल झाली की उलट जागेचे (एक्सच्या हिशेबात वायचे, वायच्या हिशेबात एक्सचे) आकडे मोठे दिसतात, दिशा उलटी असली की उणे. सातवा ६५५३६ असतो, त्याने फक्त भागायचं. टीएस_टेस्ट या चाचणी प्रोग्राममध्ये दोन्ही कर्ण आणि चारही काठ ओढा. मध्ये बरोबर पण काठाला चूक असेल, तर समोरची पत्र्याची फ्रेम काच दाबतेय का बघा. स्क्रू जास्त आवळला की हात न लावताही इव्हटेस्ट (लिनक्सला मिळणारे स्पर्श दाखवणारा प्रोग्राम) मध्ये स्पर्श दिसतात. इथे एका बटणावर मराठी आणि कन्नड दोन्ही लेबलं बसवावी लागतात. बटणं जवळजवळ येतात, म्हणून काठाची ही चाचणी अजिबात टाळू नका.

दोन ठिकाणी हमखास अडतं. लिबइनपुट, म्हणजे लिनक्स डेस्कटॉपची स्पर्श-माउस हाताळणारी लायब्ररी, पॉइंटरकॅल वाचत नाही, त्याचं सहा आकड्यांचं मॅट्रिक्स वेगळं असतं. टीएसलिबने दुरुस्त केलेले स्पर्श पुढे देणारा टीएस_युइनपुट चालू असताना ते मॅट्रिक्सही भरलं, तर दुरुस्ती दोनदा होते. दुसरं, खानापूरकडे पावसात लाइट कधीही जाते. कॅलिब्रेशननंतर सिंक (फाइल कार्डवर लगेच लिहायला लावणारी आज्ञा) न करता वीज गेली, तर फाइल रिकामी सापडू शकते.

झिजेवर मात्र कॅलिब्रेशनचा उपाय नाही. ‘स्टार्ट’च्या जागी दिवसभर बोट पडतं, तिथला थर पातळ होतो आणि तेवढ्याच भागात आकडे वाकतात. पाच बिंदूंचं सरळ गणित ते सरळ करू शकत नाही. म्हणून पॅनेल सोल्डर केलेलं न घेता कनेक्टरवालं घ्या, बदलायला सोपं जातं.