ग्रीसमधली जुनी शिडाची बोट: सगळं करते, फक्त मागे जात नाही

बोट वाईट नाही, हे आधीच सांगते. 1983 ची, साडेदहा मीटर लांब, लांब कीलची (कील म्हणजे तळाखाली उतरलेला बोटीचा कणा), 28 अश्वशक्तीचं डिझेल इंजिन. या जातीच्या बोटींची मापं ज्यांना हवी असतात त्यांना ती पाठच असतात, त्यामुळे त्यात शिरत नाही. लेफ्कादा, इथाका, केफालोनिया या आयोनियन समुद्रातल्या बेटांच्या पट्ट्यात काही महिने तिच्यावर राहून झाले. आज लिहायला बसले ते शिपयार्डच्या बिलामुळे. ते अजून टेबलावर आहे आणि बघितलं की डोकं फिरतं.

मुद्दा एकच. बोट मागे जात नाही.

म्हणजे रिव्हर्स गिअर पडतो, पाण्याखालचा पंखा (प्रोपेलर) उलटा फिरतो, पण बोटीची पाठ आधी डावीकडे पळते. सुकाणू कुठेही फिरवा, काही फरक पडत नाही. लांब कीलच्या बोटीत सुकाणू कीलच्याच मागच्या कडेला बसवलेलं असतं आणि पंखा त्या दोघांच्या मधल्या खाचेत. पुढे जाताना पंख्याचं पाणी थेट सुकाणूवर येतं, म्हणून बोट ऐकते. मागे जाताना ते पाणी उलट्या दिशेला जातं आणि चांगला वेग येईपर्यंत सुकाणूला काही कामच उरत नाही. आणि बंदरात चांगला वेग घेऊन उलटं कोण जाणार?

दुसऱ्या समुद्रात हा दोष चालून गेला असता. इथे नाही. भूमध्य समुद्रात भरती-ओहोटी नावालाच, त्यामुळे बोटी गावाच्या दगडी धक्क्याला गाड्या पार्क केल्यासारख्या ओळीनं, पाठ लावून उभ्या राहतात. बंदराच्या मध्यावर नांगर टाकायचा, साखळी सोडत सोडत मागे यायचं, मग मागचे दोन दोर धक्क्यावरच्या कड्यांना बांधायचे. बोटीची इतर कौशल्यं सगळी ठीक, पण रोज संध्याकाळी लागतं ते नेमकं हेच. केफालोनियावरच्या फिस्कार्दोला जूनमध्ये चारनंतर पोहोचलात तर जागा मिळते ती दोन चकचकीत भाड्याच्या बोटींच्या मधली फट, आणि धक्क्यावर कॉफी पीत बसलेले सगळे बघत असतात.

नवरा जन्मभर मर्चंट नेव्हीत होता, त्यामुळे लोकांना वाटतं आमचं काय, सोपंच असणार. तो इंजिनियर. जहाज धक्क्याला लागायचं तेव्हा हा सात मजले खाली इंजिनरूममध्ये असायचा. आमच्याकडे सुकाणू माझ्या हातात आणि नांगर त्याच्या. त्यामुळे संवाद असा: "अगं, सुकाणू फिरव की!" "अरे, फिरवलंय! पूर्ण फिरवलंय!" शेजारच्या बोटीवरचा माणूस मुकाट्यानं फेंडर (बोटी आपटू नयेत म्हणून मध्ये धरायचा फुगा) घेऊन उभा राहतो.

आता बिल. हिवाळ्यात बोट जिथे जमिनीवर ठेवली होती त्या यार्डच्या माणसानं सांगितलं, मूळचा दोन पात्यांचा पंखा बदला, तीन पात्यांचा बसवा, रिव्हर्स सरळ होईल. बसवला. पंखा, मजुरी, बोट पाण्यात उतरवून परत उचलण्याचे दोन वेळचे पैसे, सगळं लावलं. रिव्हर्समध्ये ओढ आली हे खरं, पण त्याबरोबर डावीकडचा झटकाही वाढला. पूर्वी पाठ हळूहळू घसरायची, आता एकदम फेकली जाते. वर शिडावर चालताना वेग कमी झाला. दोन पात्यांचा पंखा उभा लावून ठेवला की तो कीलच्या मागे लपतो. आधीच्या मालकानं शाफ्टवर त्यासाठी लाल रंगाची रेघ मारून ठेवली होती. रेघ वर आली की गिअर अडकवायचा, बस्स. तिसरं पातं कुठे लपवणार? यार्डला विचारलं तर उत्तर, "जुनी बोट आहे मॅडम," आणि वर बो थ्रस्टरचं कोटेशन. नाळेला, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, आरपार भोक पाडून त्यात मोटर, नाळ बाजूला ढकलायला. आकडा वाचून नवऱ्यानं चष्मा पुसून परत वाचला.

इथपर्यंतचं मी मे महिन्यातच लिहून ठेवलं होतं, आणि तेव्हा माझं मत होतं की भूमध्यात फिरायचं तर लांब कील घेऊच नये. ते मत आता तसं राहिलेलं नाही.

झालं असं की इथाकावरच्या किओनीला एक आमच्याहून जुनी बोट सरळ तोंडानं आत आली. बाईनं मागून छोटा नांगर सोडला, बोट हळूहळू पुढे, नाळ धक्क्यापासून हातभर अंतरावर थांबली, पुरुष दोर घेऊन उतरला. ना आवाज, ना आरडाओरडा. ही जुनी रीत पुस्तकातही आहे, पण आजूबाजूला सगळे उलटे शिरत असले की आपणही उलटेच शिरतो. दुसऱ्या दिवशी वापरलेला ॲल्युमिनियमचा चपटा नांगर घेतला. त्याला दहा मीटर साखळी आणि पुढे सपाट पट्ट्याचा रोल, तो मागच्या रेलिंगवर बसवला. बो थ्रस्टरच्या किमतीपुढे हा खर्च म्हणजे चिल्लर.

आणि काय सांगू, पुढे जाताना ही बोट सुईत दोरा ओवावा तशी... नको, उपमा राहू दे. सरळ जाते. धक्का तीन-चार बोटींच्या लांबीवर असताना मीच कॉकपिटमधून नांगर सोडते, पट्टा हातातून सुटू देते, शेवटी आवळून तपासते. नवरा पुढे, दोर घेऊन. एकमेकांना ओरडायची गरज संपली. काळजी एकच, पट्टा सैल असताना रिव्हर्स मारायचा नाही, नाहीतर तो पंख्यात जातो. ग्रीसच्या जुन्या धक्क्यांच्या पायथ्याशी पाण्याखाली दगड पुढे आलेले असतात. तिथे पाठ लावणाऱ्यांचं सुकाणू धोक्यात असतं. आमची उथळ नाळ वरून पुढे येते आणि खोल भाग दूर राहतो. शिवाय संध्याकाळी फिरायला निघालेलं अख्खं गाव आपल्या ताटात डोकावत नाही.

तोटे आहेत. नाळेवरच्या रेलिंगवरून कलिंगड घेऊन चढणं हा वेगळा व्यायाम आहे. मागचा नांगर हलका, त्यामुळे जोराचा आडवा वारा आला की झोप लागत नाही. आयोनियनमध्ये दुपारी सुटणारा वायव्येचा वारा रात्री पडतो म्हणून निभतं. एजियनमध्ये जुलै-ऑगस्टचा मेल्तेमी दिवसेंदिवस थांबत नाही, तिथे मी हा नांगर घेऊन जाणार नाही. आणि डावीकडच्या झटक्याचाही उपयोग सापडला. धक्क्याला डावी कूस लावायची असेल तर तिरकं यायचं, शेवटी रिव्हर्सचा एक ठोका, की पाठ आपणहून आत सरकते.

बाकीचं थोडक्यात. हल, म्हणजे बोटीचं कवच, जाड आणि दणकट. शिडं थकलेली. फ्रिज उन्हाळ्यात बॅटरी खातो, सोलर नसेल तर घेऊच नका. सात मीटरवरच्या बोटीला ग्रीसचा तेपाई कर आहे, 2019 पासून, तो ऑनलाइन भरता येतो. विमावाले जुन्या बोटीचा सर्व्हे मागतात. भारतीय पासपोर्टवर शेंगेनचे 180 दिवसांत 90 दिवस, हा खरा अडथळा, बोट तिथे आणि आपण घरी.

जुन्या बोटीचा एक फायदा मात्र कुणी सांगत नाही. 1 जानेवारी 1985 च्या आधीची बोट 31 डिसेंबर 1992 ला युरोपीय समुदायाच्या हद्दीत होती हे दाखवता आलं, तर तिचा व्हॅट भरलेला धरतात. आमच्या फाइलमध्ये त्या हिवाळ्याची बोट ठेवल्याची पावती आहे. कार्बन कॉपी, जांभळी, घडीवर फाटत आलेली. नवऱ्यानं ती लॅमिनेट करायला काढली होती, मी हातातून काढून घेतली.

पंख्याचं भांडण चालू आहे. मी लिहिलं, तुमचा तीन पात्यांचा परत घ्या, माझा जुना दोन पात्यांचा बसवा. आधी म्हणाले तो भंगारात गेला. मग मी ब्राँझचा किलोचा भाव काढून बिलातून वजा करायला सांगितलं, तर दोन दिवसांत पंखा सापडला. आता तो हिवाळाभर ठेवल्याचं भाडं मागताहेत.