एकट्याचं जेवण: डबा लावावा, रांधावं की पार्सल मागवावं?

२५ मार्च २०२०ला कोविडमुळे देशभर टाळेबंदी लागली तेव्हा मी नागपूरच्या मानेवाड्यात एका खोलीत राहत होतो. मेस बंद झाली आणि खोलीत उरली एक लहान शेगडी, दोन पातेली, अर्धा किलो पोहे. पुढच्या वर्षी दुसऱ्या लाटेत मी स्वतःच आजारी पडून घरी विलगीकरणात होतो. नागपुरात एकटे राहत असाल आणि पुन्हा अशी साथ आली, तर पैसा आणि चव नंतर बघा. आधी हे विचारा: उद्या ताप आला आणि उठताच आलं नाही, तर जेवण पोटात कसं जाईल?

इथे घरगुती डब्याला तोड नाही. बाजारात जावं लागत नाही, डबा दारात ठेवला जातो, आणि रोज एक माणूस तुमच्या दाराशी येतो. आदल्या रात्रीचा डबा तसाच भरलेला दिसला म्हणून आमच्या डबेवाल्या ताईंनी मला फोन केला. मी तापात पडून होतो. पुढचे चार दिवस त्यांनी पोळी-भाजीऐवजी मुगाची पातळ खिचडी पाठवली. पण त्यांच्याच घरी कुणी आजारी पडलं, तर डबा एका दिवसात बंद होतो. त्यामुळे दुसऱ्या डब्याचा पत्ता आधीच काढून ठेवा. आणखी एक गोष्ट, आपल्या उन्हाळ्याची. कोविडमध्ये वास गेला की वरण आंबलंय हे कळत नाही. फ्रीज नसेल तर दुपारच्या डब्यातलं रात्रीसाठी मुळीच ठेवू नका.

स्वतः रांधणं सगळ्यात स्वस्त पडतं, आणि तिखट-तेल आपल्या हातात राहतं. अडचण खरेदीची. एप्रिल २०२१मध्ये किराणा आणि भाजीची दुकानं सकाळी ७ ते ११ एवढीच उघडी असायची. रात्रपाळी करून आलेल्या माणसाने झोपावं की रांगेत उभं राहावं? त्यात एकट्यासाठी आणलेली सांबाराची (म्हणजे कोथिंबिरीची) जुडी मे महिन्यात दुसऱ्या दिवशी माना टाकते. म्हणून टिकणारं भरा: आलू, कांदे, तूरडाळ, बेसन, मुंगवड्या, सांडगे, जवसाची चटणी. किराणेवाल्याला व्हॉट्सॲपवर यादी पाठवली की बरेच जण सामान घरी पोचवतात. झुणका पंधरा मिनिटांत होतो. गोळाभात तर एकट्यासाठीच असावा असा: चणाडाळीच्या भरड्याचे गोळे भातासोबतच शिजतात, वरून हिंग-मोहरीचं कडकडीत तेल घातलं की डाळ-भात दोन्ही झाले. (भाज्या मी तेव्हा साबणाने धुवायचो. तसं करू नका, वाहत्या पाण्याखाली चोळून धुणं पुरतं.) मात्र अंगात ताप असला की शेगडीपुढे पाच मिनिटंही उभं राहवत नाही.

ॲपवरून पार्सल अडीनडीला ठीक. हॉटेलात बसून खाणं बंद होतं तेव्हाही घरपोच सेवा सुरू होती. पण रोज परवडत नाही, आणि आजारी पोटाला ती ग्रेव्ही सोसत नाही.

हातचं काम गेलं असेल तर शिवभोजन केंद्र गाठायला संकोच करू नका. २६ जानेवारी २०२०ला सुरू झालेली १० रुपयांची ही थाळी टाळेबंदीत ५ रुपयांना झाली, एप्रिल २०२१पासून काही महिने मोफतही होती. दोन पोळ्या, भाजी, वरण, भात. फक्त तिथे स्वतः जावं लागतं, म्हणून विलगीकरणात तिचा उपयोग नाही.

माझ्या मते एक वेळ डबा, एक वेळ स्वतः. शिवाय आठवडाभर पुरतील एवढी मूगडाळ, तांदूळ, पोहे, साखर-मीठ एका डब्यात वेगळी काढून ठेवा आणि बरे असताना त्याला हात लावू नका. डबेवाल्या ताईंचा नंबर तुमच्याकडे असेलच. तुमच्या घरच्या एका माणसाचा नंबर त्यांच्याकडेही देऊन ठेवा.