एरिथ्रिटॉल-स्टेव्हियाची पावडर: दात पास, जीभ जेमतेम

साखरेऐवजी वापरायची ही पांढरी दाणेदार पावडर आता ऑनलाइन आणि मोठ्या किराणा दुकानांत सहज मिळते. एरिथ्रिटॉल या शर्करा-अल्कोहोलची गोडी साखरेच्या साधारण 60 ते 70 टक्के; उरलेली कसर चिमूटभर स्टेव्हिया, म्हणजे एका वनस्पतीच्या पानांचा अतिशय गोड अर्क, भरून काढतो. म्हणून बऱ्याच पाकिटांवर ‘साखरेइतकीच घ्या’ असं छापलेलं असतं. किंमत मात्र साखरेच्या कितीतरी पट.

घेण्याआधी पाकीट उलटं करून घटक वाचा. माल्टोडेक्स्ट्रिन किंवा डेक्स्ट्रोज पहिल्या क्रमांकावर दिसलं तर दातांसाठी ते पाकीट घेण्यात अर्थ नाही. चहाच्या एकेका कपासाठीच्या छोट्या पुड्यांत हा प्रकार जास्त आढळतो. डेक्स्ट्रोज म्हणजे ग्लुकोजच, आणि माल्टोडेक्स्ट्रिन हा पिष्टाचा प्रकार लाळेतल्या अमायलेज या विकराने तोंडातच तुटायला लागतं. समोर स्टेव्हियाचं हिरवं पान आणि आत जिवाणूंची मेजवानी!

दातांच्या बाबतीत ही पावडर खरंच कामाची आहे. साखर तोंडात गेली की दातांवरच्या चिकट थरातले जिवाणू तिचं आम्ल करतात. स्ट्रेप्टोकोकस म्युटन्स हा त्यातला मुख्य. काही मिनिटांतच त्या थराचा पीएच 5.5 च्या खाली उतरतो (पीएच जितका कमी, तितकं आम्ल जास्त) आणि इनॅमलमधली, म्हणजे दाताच्या कडक आवरणातली, खनिजं विरघळू लागतात. लाळेला हे पूर्वपदावर आणायला अर्धा ते एक तास लागतो. म्हणजे साखर किती खाल्ली यापेक्षा किती वेळा खाल्ली हे दाताला जास्त भोवतं. जेवणात वाटीभर श्रीखंड खाल्लं तर एक हल्ला. दिवसभरात पाच कटिंग प्यायले तर पाच, आणि कप तासभर घोट घोट पुरवला तर तो लांबतच जातो. एरिथ्रिटॉलपासून हे जिवाणू आम्ल बनवू शकत नाहीत. त्यामुळे पावडर वापरायचीच तर दोन जेवणांमधल्या चहा-कॉफीत वापरा. त्याच चहात बिस्किटं बुडवलीत तर पैसे पाण्यात. गुळाचा चहा हाही पर्याय नव्हे. गुळातही मुख्यतः सुक्रोजच, शिवाय खडा चघळला तर दाताला चिकटून बसतो.

चव: आल्याच्या कडक दुधाच्या चहात फरक फारसा कळत नाही. कोऱ्या चहात स्टेव्हियाची ज्येष्ठमधासारखी कडवट गोडी मागे रेंगाळते. लिंबू सरबतात दाणे विरघळताना उष्णता शोषतात, म्हणून ते जिभेवर पडले तर पुदिन्यासारखा गारवा लागतो. आणि लिंबाचं आम्ल इनॅमलची झीज करतंच, साखर असो वा नसो. सरबतानंतर लगेच ब्रश करू नका.

स्वयंपाकात निराशाच जास्त. लाडवाचा एकतारी पाक होत नाही, सोनेरी रंग चढत नाही. पाण्यात एरिथ्रिटॉल साखरेपेक्षा बरंच कमी विरघळतं, त्यामुळे शिरा गार झाला की खडे धरतो. श्रीखंडात घालायची तर आधी मिक्सरमधून पिठीसारखी काढा, नाहीतर दाताखाली कचकच लागते. एकदम जास्त खाल्ली तर पोट बिघडतं.

आता जीभ. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या, चव आणि वासावर संशोधन करणाऱ्या मोनेल केंद्राच्या 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात काही जणांनी तीन महिने साध्या शर्करा बऱ्याच कमी केल्या. पुढे तेच पुडिंग त्यांना इतरांपेक्षा जास्त गोड लागलं; आवड मात्र फारशी बदलली नाही. म्हणजे गोडीची तीव्रता जिभेला जास्त जाणवते, पण त्यासाठी आहारातली साखर खरोखर उतरावी लागते. पावडरीने चहा पूर्वीइतकाच गोड ठेवला तर जिभेला अगोड चहाची सवय लागायला वावच मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2023 मध्ये वजन आटोक्यात ठेवण्यासाठी साखरेऐवजी असे गोडवे वापरू नयेत, असा सल्ला दिला. त्या सल्ल्यात स्टेव्हिया येतो, एरिथ्रिटॉलसारखी शर्करा-अल्कोहोलं येत नाहीत.

म्हणून पहिल्या दिवसापासून चमचा शीग लावून नको, सपाट भरा. दोन चमचे लागत असतील तर दर दोन आठवड्यांनी पाव चमचा उतरवा. अर्ध्या चमच्यावर आलात की पुढचं पाकीट लहान घ्या. घरात कुत्रा असेल आणि पाकिटावर झायलिटॉल हे दुसरं शर्करा-अल्कोहोल लिहिलेलं असेल तर डबा वरच्या फळीवर. दातांना तेही चालतं, पण कुत्र्यासाठी थोडंसंही विषारी ठरतं.