सीलबंद, ओरिजनल आणि परवा छापलेली

जुन्या मराठी कॅसेट विकत घेणाऱ्यांसाठी हे लिहितोय. नाट्यगीतं, भावगीतं, कीर्तनं, वगनाट्यं, काहीही असो. ज्यांच्या घरी अजून चालता टेपरेकॉर्डर आहे आणि जे फोनवर फोटो बघून पैसे पाठवतात, त्यांनी जरा थांबून वाचावं. मला जो विक्रेता भेटला त्याची पद्धत अशी: कॅसेट कोरी घ्यायची, तिच्यात इंटरनेटवरून उतरवलेली गाणी भरायची, लेबल आणि इनले कार्ड (डबीच्या आत घडी घालून बसवलेलं छापील कव्हर) घरच्या संगणकावर छापायचं आणि वर पारदर्शक प्लास्टिक गुंडाळून 'कंपनीची ओरिजनल, जुना स्टॉक, सीलबंद' म्हणून विकायची.

आधी एक सांगतो. घरी लेबल छापण्यावर माझा अजिबात राग नाही. 1998-99 च्या सुमारास आमच्या भजनी मंडळाच्या कॅसेटची लेबलं मीच करायचो. कोरल ड्रॉ या चित्र-मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये चौकट आखायची, श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये अभंगांची यादी टाइप करायची, पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या ए-फोर स्टिकर शीटवर इंकजेटने छापायचं. इनलेचा पुढचा भाग साधारण दहा सेंटिमीटर बाय साडेसहा, पाठीची पट्टी सव्वा सेंटिमीटर, मागचा दुमड दीडच्या आसपास. ही मापं हाताला अजून पाठ आहेत. पट्टी एक मिलिमीटर जरी जास्त झाली तरी डबी नीट मिटत नाही, हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. पण आमच्या लेबलवर मंडळाचं नाव असायचं, दुसऱ्या कुणाचं नाही.

तर हा विक्रेता. बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात हल्ली कॅसेट कमी आणि चार्जर जास्त दिसतात, त्यामुळे ओळखीतल्या एकाने व्हॉट्सअ‍ॅपवर नंबर दिला तेव्हा बरंच वाटलं. बोलणं गोड. "काका, तुम्ही नाव सांगा, बाकी माझ्यावर सोडा." मी नाट्यगीतांची नावं सांगत गेलो आणि प्रत्येक नावाला उत्तर एकच: "आहे. दोन-तीन दिवसांत गोडाऊनमधून काढून फोटो टाकतो." इथेच खरी मेख आहे. जुना माल विकणाऱ्या खऱ्या माणसाकडे अर्ध्या वेळा 'नाही' असतं. उरलेल्या अर्ध्यात 'आहे, पण डबी फुटलीय', 'आहे, पण बी साइडला आवाज दबतो' असलं काहीतरी असतं. याच्याकडे सगळं होतं आणि सगळं ठणठणीत.

पूर्वी नकली कॅसेट काढायची तरी भांडवल लागायचं. इनले छापायला ऑफसेट प्रेस, चार रंगांच्या चार प्लेटा, म्हणजे हजार-पाचशे प्रती काढल्याशिवाय परवडायचं नाही. त्यामुळे चोर चलतीच्या गाण्यांच्या मागे असायचे. विस्मृतीत गेलेल्या नाट्यगीतांकडे कोण बघणार? आता एका गिऱ्हाइकासाठी एकच प्रत छापता येते. म्हणून दुर्मिळ माल हाच नक्कल करायला सोयीचा झालाय. तो दुर्मिळ असल्यामुळे ताडून बघायला खरी प्रत कुणाकडे नसते.

यूपीआयने 3,800 रुपये आगाऊ दिले. पार्सल आलं, बांधणी उत्तम. प्लास्टिक फाडून पहिलं इनले उलगडलं आणि दुमडीवर बोट फिरवलं. घडीच्या रेषेवर रंग तडकून आतला पांढरा कागद दिसत होता, जाड फोटोपेपरवर छापून घडी घातली की दिसतो तसा. जुन्या कार्डाची घडी तीस-चाळीस वर्षांत मऊ पडते, कडा झिजतात, पण ती घडी जुनी असते. ही परवाची होती.

शनिवार पेठेत प्रेस असलेल्या मित्राकडे सगळं घेऊन गेलो. त्याने टेबलावरचं भिंग लावलं आणि क्षणात म्हणाला, "अरे, ही छपाई नाही, फवारा आहे." मग मलाही बघायला लावलं. ऑफसेटमध्ये चार रंगांचे ठिपके ठरलेल्या कोनात बसतात, त्यांची फुलासारखी जाळी दिसते. इंकजेटचे ठिपके वाटेल तसे विखुरलेले. पण त्याने दाखवलेली खरी खूण बारीक अक्षरांची होती. मूळ कार्डावर बारीक मजकूर नुसत्या काळ्या प्लेटवरून उतरतो, त्यामुळे कड सुरीने कापल्यासारखी असते. ते कार्ड स्कॅन करून पुन्हा छापलं की काळा रंगसुद्धा चार रंगांच्या मिश्रणातून येतो आणि अक्षराच्या कडेला निळसर-गुलाबी झालर दिसते. याला भारी उपकरण लागत नाही, साधं दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरतं. ओल्या कापसाचा बोळा कोपऱ्यावर हलकेच टेकवला तर साध्या इंकजेटची शाई कापसाला लागते. लेझरची नाही लागत, म्हणून भिंगच बरं.

मागचा दुमड तर आणखी मजेशीर. मुखपृष्ठाचं चित्र इंटरनेटवर सहज मिळतं, कारण कॅसेट विकणारे सगळे पुढचाच फोटो टाकतात. गाण्यांची यादी, पत्ता, किंमत असलेला मागचा भाग सहसा कुणी टाकत नाही. मग तो या पठ्ठ्याला स्वतः टाइप करावा लागला. वर्ष छापलं होतं 1984, आणि अक्षरं होती 'मंगल' फॉन्टची! विंडोजवर मराठी टाइप करणाऱ्या प्रत्येकाने हा फॉन्ट हजारदा पाहिलाय. र. कृ. जोशींनी केलेला हा फॉन्ट विंडोज 2000 बरोबर आला. 1984 मधल्या इनलेवर शीर्षक अनेकदा चित्रकाराने हाताने काढलेलं असायचं. किमतीपुढे रुपयाचं आडव्या रेघांचं नवं चिन्ह, जे सरकारने स्वीकारलं जुलै 2010 मध्ये. इंग्रजी पत्त्यात 'मुंबई', पण 1995 पर्यंत इंग्रजीत 'बॉम्बे'च छापलं जायचं. असंच दुसरीकडे बघायचं तर एचएमव्हीची ग्रामोफोन कंपनी 2000 मध्ये 'सारेगामा' झाली आणि कलकत्त्याचं इंग्रजी नाव 2001 मध्ये बदललं. ऐंशीच्या दशकातली म्हणून दिलेल्या कॅसेटवर यातलं काही दिसलं तर हात आखडता घ्या. अर्थात कंपन्या जुने अल्बम नव्या वेष्टनात पुन्हा काढत, त्यामुळे नंतरचा पत्ता असला की नकलीच असं नाही. पण मग ती 'पहिली आवृत्ती' म्हणून जास्त किमतीला विकायची नाही.

आता कॅसेटकडे. नुसतं चिकटवलेलं लेबल बघून काही ठरत नाही. काही कंपन्या थेट प्लास्टिकवर छापत, काही कागद चिकटवत. मागची कड बघा. कोऱ्या कॅसेटला मागे दोन टॅब, म्हणजे प्लास्टिकच्या छोट्या पट्ट्या, असतात, त्यावर पुन्हा रेकॉर्डिंग होऊ नये म्हणून ते मोडायचे. कारखान्यात भरलेल्या कॅसेटला बहुतेकदा टॅब मुळात नसतातच, तिथे गुळगुळीत खाच असते. माझ्या सगळ्या कॅसेटला तिथे मोडलेल्या प्लास्टिकचा नखाला टोचणारा कंगोरा होता. दुसरं, कंपनी टेप गाण्यांच्या लांबीइतकीच भरायची. एका बाजूला बावीस मिनिटांचा कार्यक्रम असेल तर बाजूला बावीस-तेवीस मिनिटांची टेप. माझ्याकडच्या निघाल्या सरळ साठ मिनिटांच्या, म्हणजे बाजूला तीस. एका बाजूला शेवटी सात-आठ मिनिटं नुसती खरखर, दुसरीत पद अंतऱ्यात तुटलेलं.

आणि आवाज. एका पदात गायक तान घेऊन समेवर येतो, ऑर्गनचा सूर मागे रेंगाळतो आणि बरोब्बर तिथे 'टिंग'! संगणकाच्या हेडफोनच्या भोकातून टेपवर उतरवताना त्याला कुणाचा तरी मेसेज आला असणार. मी तीनदा मागे नेऊन ऐकलं. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "तुमचा फोन वाजतोय बघा."

फोन केला. सुरुवातीला तोच गोडवा. "काका, कंपनीने नंतर री-प्रिंट केलेला माल आहे तो." मी म्हटलं, री-प्रिंटमध्ये मेसेजचा आवाज कसा आला? तर म्हणे, "तुमच्या डेकचा प्रॉब्लेम असेल, हेड साफ करून बघा." मग फोन उचलणं बंद.

खात्री करायला भाच्याच्या नंबरवरून त्याच्याकडे एक मागणी टाकली. ज्या अल्बमचा भाग 1 आला होता, त्याचा 'भाग 2' हवाय म्हटलं. हा भाग 2 निघालेलाच नाही. तो मी जेवताना रचला. तीन दिवस शांतता, मग फोटो आला. तेच मुखपृष्ठ, पार्श्वभूमी पिवळ्याची हिरवी केलेली, कोपऱ्यात ठळक 'भाग 2', खाली 'शेवटचा पीस' आणि भाव सातशे रुपये. भाच्याला इतकं हसू आलं की त्याला ती कॅसेट घ्यायचीच होती.

कायद्याचं थोडं सांगतो, कारण समोरच्याला त्याचीच भीती वाटली. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 1984 च्या दुरुस्तीने कलम 52-अ आलं. ध्वनिमुद्रणावर आणि त्याच्या वेष्टनावर ध्वनिमुद्रण करणाऱ्याचं नाव-पत्ता, हक्कदाराचं नाव-पत्ता आणि पहिल्या प्रकाशनाचं वर्ष द्यावं लागतं. ते मोडलं तर 68-अ खाली तीन वर्षांपर्यंत कैद. नक्कल विकण्यासाठी कलम 63 वेगळं, त्यात सहा महिने ते तीन वर्षं आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. फसवणुकीसाठी पूर्वीच्या 420 ऐवजी आता भारतीय न्याय संहितेचं 318 लागतं. सायबर हेल्पलाइन 1930 ताबडतोब फोन केला तरच खरी कामाची, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत गोठवावे लागतात. इथे पार्सल यायलाच आठवडा जातो, तोवर खातं रिकामं. शिवाय चौकीत पहिला प्रश्न येतो, "पण माल आला ना?" हो, आला. म्हणून तक्रारीत 'माल मिळाला नाही' असं कुठेही लिहू नका. 'ओरिजनल म्हणून नकली दिला' हेच लिहा आणि 'ओरिजनल' शब्द असलेला त्याचा मेसेज जोडा. हा शब्द फोनवर नको, लिहून घ्या. पैसे देण्याआधी मागच्या दुमडीचा, टॅबच्या कडेचा आणि टेप पूर्ण एका बाजूला गुंडाळलेल्या चाकाचा फोटो मागा. 'उद्या टाकतो' म्हणाला तर समजून जा, प्रिंटर सुरू झालाय.

भाग 2 चा फोटो आणि ही कलमं एकाच मेसेजात त्याला पाठवली. संध्याकाळी एक शब्दही न बोलता 1,500 रुपये खात्यात आले आणि लगेच मी ब्लॉक. उरलेल्या पैशांसाठी सायबर पोर्टलवर तक्रार आहे, तिथे अजून 'प्रक्रियेत' दिसतंय. कॅसेट माझ्याकडेच आहेत. प्रत्येकीच्या प्लास्टिकवर, दोन्ही बाजूंना, न पुसणाऱ्या मार्करने मोठ्या अक्षरांत 'नक्कल' लिहून ठेवलंय. लेबलवर लिहून उपयोग नाही, ते उद्या कुणीही सोलून नवं लावेल.