मॉडेल ए साठी इंजिन: फ्लॅटहेड की स्मॉल-ब्लॉक?

घरच्या गॅरेजात पारंपरिक हॉट रॉड, म्हणजे जुन्या गाडीत ताकदवान इंजिन घालून केलेली वेगवान गाडी, बांधायची हे एकदा मनाने घेतलं, की बऱ्याच गोष्टींवर वादच होत नाहीत. पुढचा अ‍ॅक्सल ड्रॉप केलेला हवा, ब्रेक १९३९ किंवा त्यानंतरच्या फोर्डचे हायड्रॉलिक हवेत, टायर बायस-प्लाय, म्हणजे जुन्या धाटणीचे, हवेत. घोडं अडतं ते इंजिनापाशी. फोर्डचा फ्लॅटहेड व्ही-८ (व्हॉल्व्ह हेडमध्ये नसून ब्लॉकमध्ये असलेला) घ्यावा की शेवरोलेचा स्मॉल-ब्लॉक व्ही-८? हल्ली हा प्रश्न मला बरेच जण विचारतात. त्यात इथल्या डेट्रॉइटकडची आपली मराठी मंडळीही आहेत. नोकरी गाड्यांच्या कंपनीत आणि शनिवार-रविवारही गाडीखालीच, अशी. म्हणून एकदाच लिहून ठेवतो.

माझी गाडी १९२९ची फोर्ड मॉडेल ए रोडस्टर. एका मित्राने आपल्या १९३१च्या कूपेत शेवरोलेचा २८३ (क्युबिक इंचांचा स्मॉल-ब्लॉक) बसवला, तेव्हा मी पहिल्यापासून त्याच्या हाताखाली होतो. माझ्या चासीत मी दोन्ही इंजिनं ठेवून पाहिली आणि मग एक पक्कं केलं. डायनोचे (इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्राचे) आकडे माझ्याकडे नाहीत, हाताला जाणवलं तेवढंच सांगतो. तुमची गाडी वेगळी असेल, तर हिशेबही वेगळा निघू शकेल.

आधी ‘जास्त पारंपरिक कोणतं’ हा वाद मिटवू. माझ्या मते दोन्ही. फ्लॅटहेड १९३२ साली आला, २२१ क्युबिक इंच आणि ६५ हॉर्सपॉवरचा. अमेरिकेतल्या फोर्डमध्ये तो १९५३ पर्यंत टिकला. कॅलिफोर्नियातल्या म्युरॉक आणि एल मिराजच्या कोरड्या तलावांवर पोरांनी पळवला तो मुख्यतः हाच. स्मॉल-ब्लॉक १९५५ला २६५चा आला, १९५७ला २८३चा, आणि बघता बघता त्याने फ्लॅटहेडला हॉट रॉडमधून हुसकून लावलं. तेव्हा पन्नासच्या दशकाच्या अखेरीची वाटावी अशी गाडी बांधत असाल, तर शेवरोलेचं इंजिन इतिहासाला धरूनच आहे. गंमत अशी, की फ्लॅटहेडसाठी ‘आर्डन’ ही ओव्हरहेड व्हॉल्व्हची हेड्स काढणारे झोरा आर्कस-डंटॉव्ह १९५३मध्ये जनरल मोटर्समध्ये गेले, आणि त्याच डिसेंबरात त्यांनी वरिष्ठांना टिपण लिहिलं. त्याचा मथितार्थ असा: हॉट रॉडवाल्या तरुणांची मासिकं फोर्डने भरलेली आहेत, ही मुलं उद्या गाडी घेतील तेव्हा फोर्डच घेतील, आपण काहीतरी केलं पाहिजे. स्मॉल-ब्लॉकची मूळ रचना त्यांची नव्हे, पण त्याचा गाजलेला एक कॅमशाफ्ट त्यांचा. त्यामुळे एका इंजिनाच्या भक्तांनी दुसऱ्याला परकं म्हणण्यात फारसा अर्थ नाही.

निव्वळ व्यवहार पाहिला तर स्मॉल-ब्लॉक पुढे आहे, हे मान्य करून टाकतो. १९५५चा साधा, दोन बॅरलच्या कार्ब्युरेटरचा २६५ सुद्धा १६२ हॉर्सपॉवरचा होता. शेवटच्या काळातला २३९चा फ्लॅटहेड ११०ला थांबला. फ्लॅटहेडमधून तेवढी ताकद काढायची तर दोन-तीन कार्ब्युरेटर, नवा कॅम, अ‍ॅल्युमिनियमची हेड्स, मर्क्युरीचा चार इंच स्ट्रोकचा क्रँक, अशी यादी वाढत जाते. स्मॉल-ब्लॉकचे पार्ट कुठल्याही दुकानात मिळतात आणि कुठलंही मशीन शॉप तो डोळे झाकून करून देतं. माझ्या आणि मित्राच्या पावत्या शेजारी ठेवल्या, तर मशीन शॉपचा माझा आकडा त्याच्या दुपटीच्या आसपास जातो.

मग उष्णता. फ्लॅटहेडच्या एक्झॉस्टच्या वाटा ब्लॉकच्या पोटातून, पाण्याच्या जाकिटातून बाहेर पडतात. एका बाजूला सिलिंडर चार आणि तोंडं तीन, मधल्या दोघांचा धूर एकाच वाटेने. त्यामुळे आवाज खास येतो, पण जळक्या वायूची उष्णता आधी पाण्याला मिळते आणि मग बाहेर जाते. तरी ‘फ्लॅटहेड म्हणजे चहाची किटली’ अशी जी चेष्टा होते, तिच्यातला बराच भाग ओतकामाच्या वाळूचा आहे असं मला वाटतं. साच्यातली वाळू आणि तारा सत्तर-सत्तर वर्षं जाकिटात तशाच पडून असतात. माझा ब्लॉक उलटा करून खरवडला तेव्हा चांगली वाटीभर निघाली. एवढं साफ करूनही ऑगस्टमधल्या वूडवर्ड क्रूझला, म्हणजे डेट्रॉइटकडच्या जुन्या गाड्यांच्या फेरीत, तासन्‌तास मुंगीच्या गतीने सरकताना, माझा काटा वर चढतो. मग मी गाडी कडेला घेतो. मित्राचा २८३ तेव्हा निवांत फुरफुरत असतो.

आणि फ्लॅटहेडचा खरा जुगार म्हणजे तडा. व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच बसतात, त्यामुळे व्हॉल्व्हच्या सीटपासून सिलिंडरपर्यंत तडा गेलेला असण्याची शक्यता कायम असते, आणि वरून काही कळत नाही. विकणारा ‘८बीए आहे’ (म्हणजे १९४९ ते ५३चा फ्लॅटहेड) म्हणून हेडवरची अक्षरं दाखवतो. ती अक्षरं हेडवर असतात, ब्लॉकवर नव्हे, आणि हेड बदलता येतं. त्याआधीच्या ५९एबी फ्लॅटहेडचं बरं, त्याची अक्षरं बेल हाउसिंगच्या (क्लचभोवतीच्या आवरणाच्या) माथ्यावर ब्लॉकसोबतच ओतलेली असतात. मॅग्नाफ्लक्स (तडे दाखवणारी चुंबकीय तपासणी) आणि प्रेशर टेस्ट झाल्याशिवाय पैसे मोजू नयेत हे तर आलंच.

इथपर्यंतचा हिशेब वाचून कोणीही शहाणा माणूस स्मॉल-ब्लॉक घेईल. मीही त्याच बाजूला झुकलो होतो. गाडं फिरलं ते डिस्ट्रिब्यूटरपाशी, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला पाळीपाळीने ठिणगीची वीज वाटणाऱ्या भागापाशी.

स्मॉल-ब्लॉकचा डिस्ट्रिब्यूटर इंजिनाच्या अगदी मागच्या टोकाला असतो. मॉडेल ए चा व्हीलबेस १०३.५ इंच, आणि नाक चार सिलिंडरच्या ४० हॉर्सपॉवरच्या इंजिनासाठी बेतलेलं. केवळ मापं घेण्यासाठी प्लास्टिकचे पोकळ ब्लॉक मिळतात, तसा एक उसना आणून मी चासीत ठेवला. पंखा रेडिएटरपासून सुटेल इतपत मागे घेतला, तर डिस्ट्रिब्यूटर फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीच्या) आत जायला बघतो. अशा वेळी दोनच रस्ते. एक तर इंजिन पुढे घ्यायचं, म्हणजे रेडिएटर पुढे, ग्रिल पुढे, आणि गाडीचं नाक अ‍ॅक्सलच्या पुढे लोंबू लागतं. मूळ बॉनेटही मग बसत नाही. रोडस्टर बाजूने पाहिली की डोळ्याला पहिल्यांदा हेच खुपतं. बाकी सगळं काम सोन्यासारखं असलं तरी.

दुसरा रस्ता, फायरवॉल कापून आत खोबण करायची. मित्राने हेच केलं, आणि काम चोख केलं. पण मॉडेल ए ची पेट्रोलची टाकी काउलमध्येच (फायरवॉलमागच्या बॉडीच्या भागात), तुमच्या पायांच्या वर असते. खोबण आत आली की एकीकडे टाकी, दुसरीकडे पाय. त्याने टाकी मागे नेली. पाय मात्र त्याला रोज थोडे तिरके ठेवावे लागतात.

तेही चाललं असतं. मला खटकलं ते त्यापुढचं. १९५७ नंतरच्या डेल्को डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीला एक छोटी खिडकी असते. ती वर सरकवायची, आत षट्‌कोनी किल्ली घालायची, आणि इंजिन चालू असतानाच पॉइंटची (ठिणगीसाठी वीज तोडणाऱ्या संपर्कांची) गॅप लावायची. इतकी सुरेख सोय फोर्डने कधी दिली नाही. पण हात तिथे पोचला तर! खोबणीत डिस्ट्रिब्यूटर बसला की टायमिंगसाठी तो फिरवताना व्हॅक्युमचा डबा खोबणीच्या भिंतीला टेकतो. क्लँपचा बोल्ट त्याच्या बुडाशी, दिसत नाही, चाचपून शोधायचा. आणि बाहेर काढायचा तर तो सरळ वर उचलावा लागतो, नेमकी तिथे काउलची कड आडवी येते. पंधरा मिनिटांच्या कामाला अख्खी सकाळ जाते आणि मनगटाला चटके बसतात ते वेगळेच. मित्र म्हणतो, इलेक्ट्रॉनिक इग्निशन घाल, मग टोपी उघडायचं कारणच नाही. बरोबर आहे त्याचं. फक्त मग पॉइंट, कंडेन्सर, जुन्या टोप्या हे सगळं कशासाठी जमवायचं, हा प्रश्न मला पडतो.

फ्लॅटहेडचा डिस्ट्रिब्यूटर पुढे असतो. सगळेच फ्लॅटहेड सोयीचे असं मात्र नाही. ५९एबीचा डिस्ट्रिब्यूटर नाकाशी, पंख्याच्या मागे खाली दडलेला असतो. पॉइंट लावायला तो काढून टेबलावर न्यावा लागतो. १९४९ ते ५३च्या ८बीएमध्ये तो पुढच्या उजव्या कोपऱ्यात उभा आहे. उभ्या उभ्या टोपी काढा, गॅप लावा, टोपी परत. म्हणून मी ८बीए शोधला. मागे पेट्रोल पंपाची बैठक असते, तीही फायरवॉलकडे झुकते, पण ती काढून वर झाकण लावलं आणि इलेक्ट्रिक पंप घेतला की मिटतं. माझी १९२९ची फायरवॉल जशी कारखान्यातून आली तशी आहे, एक भोकही नवीन नाही. हे मला इतकं महत्त्वाचं का वाटावं, ते बायकोला अजून पटवता आलेलं नाही.

८बीएला बेल हाउसिंग ब्लॉकसोबत ओतलेलं नसतं. पण त्या काळच्या फोर्ड एफ-१ ट्रकचं ओतीव हाउसिंग लावलं की मागे १९३९चा गिअरबॉक्स बसतो, बिनबोभाट. शेवरोलेच्या बाजूला इथे साखळी सुरू होते. अ‍ॅडॉप्टर लावून १९३९चा बॉक्स घ्याल तर २८३चा जोर त्याला झेपेलच असं नाही. मजबूत बॉक्स घ्याल तर बंद टॉर्क-ट्यूब (मागच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टभोवतीची नळी) जाते, उघडा शाफ्ट येतो, मग मागचा अ‍ॅक्सलही बदलायचा. यात वाईट काही नाही, खूप लोक आनंदाने करतात.

आता नोंदींबद्दल, कारण तुमच्यापैकी बहुतेकांना गाडी बांधता बांधता तिची कहाणीही टिपायची असते. इंजिन कुठलंही घ्या, एक फोटो आधी काढा: मॉडेल ए चा नंबर म्हणजे मूळ इंजिनाचा नंबर, आणि तोच चासीच्या डाव्या रेलवर ठोकलेला असतो. बॉडी चढली की तो झाकला जातो. जुनं चार सिलिंडर इंजिन विकून टाकल्यावर कागदपत्रांच्या वेळी त्या फोटोइतकं कामाला काही येत नाही.

बाकी नोंदींची चव दोन्हीकडे वेगळी. स्मॉल-ब्लॉकची वही पार्ट नंबरांची यादी होत जाते, कारण त्याच्याबद्दल न लिहिलेलं काही उरलेलंच नाही. सुरुवातीच्या २६५ला ब्लॉकवर ऑइल फिल्टरची जागा नव्हती किंवा बाजूचे माउंट १९५८पासून आले, हे घेण्याआधी माहीत असावं, तेवढं लिहावं आणि पुढे जावं. फ्लॅटहेडच्या वहीला मात्र काम असतं. मूळ टॅपेट अ‍ॅडजस्ट होत नाहीत, व्हॉल्व्हच्या दांडीचं टोक घासून क्लिअरन्स आणावा लागतो. सोळा व्हॉल्व्ह, प्रत्येकाचं माप आधीचं आणि नंतरचं. शिवाय कुठल्या सिलिंडरजवळ बारीक रेघ दिसली, कुठे पिन घालून शिवली, कुठल्या स्टडला पाणी झिरपत होतं. हे पुढच्या वेळी हेड काढताना तुम्हालाच लागणार असतं. मी तेलकट हातांनी पेन्सिलीने लिहितो आणि रात्री पानाचा फोटो काढून ठेवतो. व्हिडिओच्या भानगडीत पडलो नाही. कॅमेरा लावण्यात जीव गुंतला की पाना कुठे ठेवला ते आठवत नाही.

गाडीने आठशे मैलांच्या सहली करायच्या असतील, घरात दुसरं कोणी ती चालवणार असेल, किंवा तुमच्याकडे मॉडेल ए ऐवजी १९३२ची चासी असेल, तर शेवरोले घ्या आणि माझं फार मनावर घेऊ नका. त्या चासीचा व्हीलबेस १०६ इंच आहे, आणि डिस्ट्रिब्यूटरचं दुखणं तिथे बरंच सौम्य होतं. पण मॉडेल ए असेल, फायरवॉल शाबूत असेल, आणि गाडी मुख्यतः संध्याकाळी गावात फिरवायची असेल, तर ब्लॉक तपासून देणारं मशीन शॉप आधी गाठा. फ्लॅटहेड हातात घेणारी दुकानं कमी होत चालली आहेत, आणि आमच्याकडच्या एका दुकानात नंबर लावल्यावर मला पाळी येईपर्यंत अख्खा हिवाळा थांबावं लागलं. तेवढ्या वेळात चासी आणि ब्रेक उरकून घेता येतात.